खड्ड्यानंतरचा ठोका

"बाबा, त्या कार्यक्रमात ताल नक्की उलटा कुणी केला? आत्याने, की तुम्ही?"

विचारलं! एकदाचं विचारून टाकलं. सुतळी आणि भोंगा या माझ्या दोन जिवलग मैत्रिणी वर्षभर माझ्या मागे लागल्या होत्या, की दम असेल तर घरी एवढं विचारून दाखव. गेल्या वर्षी मी विचारूच शकले नसते. गेल्या वर्षी हजेरीला "आहे" म्हणतानासुद्धा माझा आवाज घशातच बसून राहायचा. पण मग मामाने माझ्या गळ्यात बेस गिटार अडकवलं, चार जाड तारांचं ते धूड पोटाशी धरून मी जी घुमायला लागले ती लागलेच. आता वर्गात मॉनिटर मला म्हणते, "जरा हळू बोल गं."

तर, विचारलं.

आईच्या हातातला डाव भाजीच्या पातेल्यावर अधांतरी. आई दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना "आ करा" सांगते आणि या एका विषयावर घरच्यांची तोंडं बंद ठेवते. बाबा माझ्याकडे बघत होते, पण चष्म्याच्या वरून. त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे, त्यामुळे चष्म्याच्या वरून बघणं म्हणजे आमच्याकडे धोक्याची घंटा. आणि मामा, आईचा भाऊ, जो रोज रात्री आमच्याकडेच जेवतो, तो उठला आणि पाणी आणायला गेला. टेबलावरचा जग काठोकाठ भरलेला होता.

"आत्याने," बाबा म्हणाले. "आणि हा विषय इथेच संपला."

"हिला विचारायला सांगितलं कुणी?" आई.

"सुतळी आणि भोंग्याने."

"त्या पोरींना आईवडिलांनी नावं ठेवलीत की नाही?" बाबा म्हणाले, पण हसले नाहीत.

आता तुम्हाला सगळं सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही सुतळीसारखं मधेच "म्हणजे कोण?" करत बसाल.

मी जन्मायच्या आधी बाबा, त्यांची बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मामा या तिघांचा एक बँड होता. 'खारे वारे'. रेगे-रॉक वाजवायचे. बाबा गिटार आणि गाणं, आत्या ड्रम, मामा बेस. रेगे ऐकायला एकदम सोपं आणि वाजवायला महाकठीण. एक-दोन-तीन-चार मोजा. बाकीची गाणी 'एक'वर पाय आपटतात. रेगेत 'एक' रिकामा सोडायचा. ड्रमचा दणका येतो 'तीन'वर. गिटार 'दोन'वर आणि 'चार'वर, च्यॅक, च्यॅक, कुणीतरी अधीर पाहुणा कडी वाजवतोय तशी. आणि बेस खालून सगळ्यांना पाठीवर घेऊन चालतो.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'ओहोटी'. त्याच्या मधोमध एक जागा आहे, तिला हे लोक 'खड्डा' म्हणतात. खड्ड्यात गिटार आणि बेस दोन्ही गप्प. फक्त ड्रम, आणि ड्रमवर इको सोडलेला, म्हणजे एका ठोक्याचे तीन-चार ठोके विरत विरत ऐकू येतात. मग खड्ड्यातून आधी बेस बाहेर येतो, त्याच्या मागोमाग गिटार, आणि लोक वेडे होतात. त्या कार्यक्रमात, भरलेल्या मैदानात, खड्ड्यानंतर सगळं विस्कटलं. गिटारची च्यॅक बरोबर ड्रमच्या दणक्यावर येऊन आदळायला लागली. ताल उलटा झाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आणि बाबांनी माइकवर, अख्ख्या मैदानासमोर, आत्याला म्हटलं, "नीट वाजव ना!"

आत्याने काठ्या ड्रमवर ठेवल्या आणि ती मंचावरून उतरून गेली.

तेव्हापासून दोन बँड. बाबांचा 'नवे खारे वारे'. आत्याने भूगोलाच्या पुस्तकातलं दुसरं नाव उचललं, 'मतलई वारे', खाऱ्या वाऱ्यांच्या बरोबर उलट्या दिशेने वाहणारे, म्हणजे बाबा बरोबर चिडतील. बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. आत्या मला फिरायला न्यायला येते तेव्हा खालूनच दोनदा हॉर्न वाजवते. आणि गंमत म्हणजे दोन्ही बँडमध्ये बेस वाजवतो एकच माणूस. मामा. दोघांचंही म्हणणं, त्याच्याशी आपलं काही भांडण नाही.

"शनिवारचं काय करायचं ते ठरवा आता," मामा पाण्याचा दुसरा जग घेऊन आला आणि घाईघाईने म्हणाला. त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना जाड पट्टी होती. त्याचं सोफे-गाद्यांचं दुकान आहे, फोमचे गठ्ठे उतरवताना गाडीचं सरकतं दार बोटांवर आलं. शनिवारी एकाच मंचावर आधी आत्याचा बँड वाजवणार होता, मग बाबांचा. दोघांकडेही बेस नव्हता.

"मी वाजवते," मी म्हणाले.

बाबा आता चष्म्यातून बघायला लागले. "सगळी गाणी येतात?"

"झोपेत येतात. मामाने दोन्हीकडची शिकवलीत."

"ठीक. पण फक्त आपल्याकडून. तिकडे नाही."

"मामा तर दोन्हीकडे—"

"मामाची गोष्ट वेगळी," बाबा म्हणाले. "त्याने त्या दिवशी काही बिघडवलं नव्हतं."

मामा घटाघटा पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी मामाच्या दुकानामागच्या खोलीत बाबांच्या बँडची तालीम. भिंतींना फोमचे तुकडे ठोकलेले, त्यामुळे आत बोललं की आपलाच आवाज कानात कापूस घातल्यासारखा येतो. दोन्ही बँड याच खोलीत वाजवतात, दिवसाआड, आणि ड्रमचा सेटही एकच. ड्रमच्या स्टुलाच्या दांड्यावर खडूच्या दोन खुणा आहेत. खालची आत्याची, वरची सरांची.

सर म्हणजे आमच्या शाळेचे पीटीचे सर! शाळेत शिट्टी फुंकून आम्हाला मैदानाभोवती पळवतात आणि इथे बाबांसमोर शाळकरी मुलासारखे बसतात. सुतळीला हे सांगितलं तेव्हा ती हसून हसून बाकावरून पडली होती.

पहिली गाणी लोण्यासारखी गेली. मग 'ओहोटी'. खड्डा आला. मी गप्प, बाबा गप्प, सरांचे ठोके इकोत विरघळत होते, माझ्या अंगावर काटा. आणि मी बाहेर आले. माझ्यामागे बाबांची गिटार आली. आणि धाड! च्यॅक आणि दणका एकमेकांवर. जणू दोन माणसं एकाच दारातून एकदम आत शिरली.

"सर!" बाबा ओरडले.

"हो हो, सॉरी. हात घसरला असेल."

पुन्हा. पुन्हा तेच. सरांचे कान लाल झाले. तिसऱ्या वेळी बाबांनी गिटारची तार हाताने गच्च दाबली. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू मात्र झकास वाजवतेस हं." मी फुगून टम्म. खरं सांगते, सरांचं मला त्या क्षणी काहीही वाटलं नाही.

वाटलं ते घरी येताना. बाबा गाडी चालवत म्हणाले, "सरांना नारळ देतो. दुसरा एक जण मोकळा आहे शनिवारी. उद्या संध्याकाळी फोन करून सांगतो त्यांना."

"आत्ता? शनिवार तोंडावर आलाय."

"म्हणूनच. एकदा भर मैदानात माझी शोभा झालीये. पुन्हा नाही."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मैदानावर सर दिसले. उडी मारायच्या लाकडी घोड्यावर रिलेच्या दोन दांड्यांनी वाजवत होते. खड्ड्याची जागा. मी लांबूनच ओळखली.

"ये," ते म्हणाले. "खरं सांग. माझा हात कुठे घसरतोय? तुझे कान चांगलेत. मी घरी घड्याळ लावून वाजवलं, तेव्हा बरोबर येतं."

"मला नाही कळलं, सर."

"माझी आई येणार आहे शनिवारी. तिला वाटतं मी रोज संध्याकाळी पत्ते कुटायला जातो." ते हसले आणि पुन्हा वाजवायला लागले. मी ऐकलं. बरोबर होतं. अगदी घोटून बरोबर होतं. मग काल काय झालं?

शाळा सुटली तेव्हा फाटकाशी दोनदा हॉर्न. आत्या. आत्या गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही ब्रेक आहे. शिकणाऱ्याने चूक केली की ती बोलत नाही, नुसता पाय दाबते.

"बस," ती म्हणाली. "आज आमची तालीम आहे. एकदा वाजवून बघ. शनिवारचं नंतर ठरव."

"बाबा नको म्हणालेत."

"मला माहितीये तो काय म्हणाला असेल. माझा भाऊ आहे तो."

भोंगा माझ्या कानात कुजबुजली, म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू गेलं, "जा! आम्ही सांगतो सुतळीकडे अभ्यास चाललाय म्हणून." मी आईला तसा मेसेज टाकला.

तीच खोली, तोच फोम. स्टूल खालच्या खुणेवर. आत्याच्या बँडमध्ये गाते आणि गिटार वाजवते ती एक उंच बाई, तिला सगळे कॅप्टन म्हणतात. बाहेर दुकानात मामा एका हाताने शिलाई मशीनवर सोफ्याचं कव्हर सरकवत होता, घर्र घर्र.

'ओहोटी' दोन्ही बँड वाजवतात. दोघांनाही ते आपलं वाटतं. खड्डा आला. मी गप्प, कॅप्टन गप्प, आत्याचे ठोके विरत विरत... मी बाहेर आले. कॅप्टनची गिटार माझ्यामागे. धाड!

कॅप्टनने आत्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. सवयच ती, ताल उलटला की माणूस ड्रमकडे बघतो.

आत्याने पाय दाबल्यासारखं सगळं थांबवलं. "बेस," ती म्हणाली.

"काय?"

"तू इकोवर बाहेर आलीस. मी इथे मारते," तिने काठी ड्रमवर टेकवली, "आणि तू इथे येतेस." तिने काठी हवेतच टेकवली, जिथे नुसता इको उरतो. "एक ठोका आधी. मग कॅप्टन तुझं बोट धरून येणार, कारण गिटार नेहमी बेसच्या मागून येते. झालं. तुम्ही दोघी मिळून चुकता आणि मी एकटी बरोबर. मग ऐकणाऱ्याला काय वाटतं? मी चुकले."

बाहेरचं मशीन थांबलं होतं.

बाबांच्या तालमीतही मीच होते. मीच तिन्ही वेळा. आणि सरांचे कान लाल.

"तुला इतक्या लगेच कसं कळलं?"

"पूर्वी ऐकलंय," आत्या म्हणाली. "चल, पुन्हा. कान इकोत जातात, म्हणून माझ्या काठीकडे बघ."

मी काठीकडे बघितलं. खड्डा आला, इको माझ्या कानात गुदगुल्या करत होता, ये ये म्हणत होता, मी गेले नाही. काठी खाली आली आणि मी बाहेर पडले, आणि काय सांगू! सगळी खोली एकदम एका बाजूला कलली आणि चालायला लागली. कॅप्टन ओरडली, "अरे वा गं पोरी!" मला रडू येत होतं आणि हसूही, आणि त्या गडबडीत मी वळले तर दारात मामा उभा. हातात कापडाचा तुकडा. तो माझ्याकडे नाही, त्या काठीकडे बघत होता. मग परत दुकानात गेला आणि मशीन लागलंच नाही पुन्हा.

गाडीत मी गप्प बसूच शकत नव्हते.

"मामा होता ना? त्या कार्यक्रमात. तो इकोवर बाहेर आला."

आत्याने आरशात पाहिलं, वळणाचा दिवा लावला, वळली. "हो."

"आणि तुला तेव्हाच कळलं होतं?"

"मला तर वाजतानाच कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? मैदानाला? तुझा बाप माइकवर बोलून मोकळा झाला होता. दुसऱ्या दिवशी सांगायला आले होते मी. तुझ्या आईने दार उघडलं. तेव्हा तू पोटात होतीस, तिचे पाय सुजलेले, आणि मामा तिच्या शेजारी बसून तिला पंख्याने वारा घालत होता. मी विचार केला, भाऊ माझा तुटलाय. तिचा कशाला तोडू? तेव्हा वाटलं, महिनाभरात निवळेल. नाही निवळलं."

"आणि त्याला तू तुझ्या बँडमध्ये घेतलंस?"

"तोच आला. काही बोलला नाही, केबली गुंडाळायला लागला. अजून सगळ्यांच्या आधी येऊन केबली तोच मांडतो." आमच्या इमारतीखाली तिने गाडी उभी केली. "तू काय ते घरी ठरव. मी वर येत नाही."

मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढले आणि आमच्या दारापाशी येऊन थबकले. सरांना फोन जायचाय. सांगायचं तर मामा मरतो. मामा, ज्याने मला आवाज दिला! बाबा त्याला बँडमधून काढतील. नाही सांगायचं तर सर मरतात. मग डोक्यात लख्ख झालं. मामाचं मी कुठे काय सांगायचंय? मी माझंच सांगणार आहे.

आत टेबलावर तिघेही होते. मामा आपल्या नेहमीच्या खुर्चीत, आणि त्याचा चेहरा असा, की माझ्या आधी तो धावत घरी आला असावा. बाबांच्या हातात फोन.

"सरांना लावतोय," बाबा म्हणाले. "तू हात धुऊन घे."

"नका लावू! सर बरोबर होते. मी चुकले."

"तू कशाला त्यांची बाजू घेतेस? बेस मी ऐकला. बेस स्वच्छ होता."

"स्वच्छ चुकीचा होता! खड्ड्यातून मी इकोवर बाहेर आले. एक ठोका आधी. सरांच्या ठोक्यावर यायचं होतं."

"मग मला कसं कळलं नाही?"

"कारण तुम्ही माझ्यामागे आलात, बाबा. आपण दोघं मिळून गेलो, आणि सर एकटेच जागेवर उरले. म्हणून चुकले ते असं वाटलं."

बाबांच्या दोन बोटांनी टेबलावर मोजायला सुरुवात केली. एक, दोन, च्यॅक. पुन्हा. टेबलावर एक खड्डा येऊन गेला, आम्हा चौघांनाही ऐकू आला. मग बोटं थांबली.

"इकोवर," बाबा हळूच म्हणाले. माझ्याकडे बघून नाही.

आई म्हणाली, "भाजी गार होतेय," आणि वाढायला काही उठली नाही. तीही मामाकडेच बघत होती.

जग भरलेला होता. मामा पाणी आणायला उठला नाही. पट्टीतली दोन बोटं टेबलावर ठेवून तो नुसता बसून राहिला, मान खाली, आणि बाबा त्या बोटांकडे बघत राहिले.

"हे तुला सांगितलं कुणी?" शेवटी बाबांनी विचारलं.

"आत्याने. मी सुतळीकडे नव्हते, आई, खोटं बोलले, शिक्षा नंतर कर. मी तिच्या तालमीला गेले होते. तिथेही मी तशीच चुकले, आणि तिने लगेच थांबवलं आणि मला सांगितलं, तू चुकलीस म्हणून."

"बस खाली," आई म्हणाली.

"बसते. पण आधी बोलू दे." मी खुर्चीची पाठ धरली, आणि माझा आवाज चांगला खणखणीत निघाला. "बाबा, सरांना फोन करा, पण माफी मागायला. त्यांची आई येणारे शनिवारी, त्यांना काढायचं नाही. तुमच्याकडून बेस कोण वाजवेल ते तुम्ही बघा. आई, तूही ऐक. मी ठरवलंय. शनिवारी मी आत्याच्या बँडमधून वाजवणार. मी चुकले तर तिथे मलाच थांबवतात."